अंग आंबलं, पण आंबट काय झालं?

ज्यांना ऐकायला वेळ नाही, किंवा लोकलच्या गर्दीत माझा आवाजच पोचत नाही, त्यांच्यासाठी या भागाचा हा लिहिलेला मजकूर. बोलताना आलेले 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युली' निम्मे कापलेत. सगळे कापले असते तर तुम्हाला वाटलं असतं की दुसराच कोणीतरी बोलतोय.

तर आजची गोष्ट सुरू होते एका कमोडपासून. हसू नका.

दोन वर्षांपूर्वी जानेवारीत, नव्या वर्षाच्या जोशात, मी आणि माझ्या रूममेटने ऑफिसजवळच्या एका जिममध्ये पैसे भरले. वर्षाचे एकदम, कारण त्यात सूट होती. त्याआधीची तीन वर्षं माझी सगळ्यात मोठी शारीरिक हालचाल म्हणजे खुर्चीवरून उठून कॉफी मशीनपर्यंत जाणं. तिसऱ्या दिवशी लेग डे. ट्रेनर म्हणाला, "भावा, उद्या-परवा जिना आरामात उतरलास तर पैसे परत." स्क्वॉट, मग लंजेस, मग पुन्हा स्क्वॉट. त्या संध्याकाळी मी एकदम ठीक होतो, उलट मस्त वाटत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मांड्या थोड्या जड. आणि तिसऱ्या दिवशी कमोडवर बसताना मी दोन्ही हात भिंतीला टेकवून देवाचं नाव घेतलं.

रूममेटचीही तीच अवस्था, फक्त तो जरा जास्तच वाकडा चालत होता. त्याचं पुढे काय झालं ते नंतर सांगतो, कारण तो भाग एवढा विनोदी नाहीये.

संध्याकाळी आईचा फोन. मी रडगाणं गायलं. आई म्हणाली, "अंग आंबलं असेल रे. गरम पाण्याचा शेक घे." मी बीटेक. मी म्हटलं, "आई, त्याला लॅक्टिक ॲसिड म्हणतात. मसलमध्ये साठतं ते." आई म्हणाली, "तेच म्हणतेय मी. आंबलंय."

फोन ठेवला आणि डोक्यात ट्यूब पेटली. आंबणं! इडलीचं पीठ आंबतं, दही आंबतं आणि अंगही आंबतं. लॅक्टिक ॲसिड पहिल्यांदा सापडलं तेही नासलेल्या, आंबलेल्या दुधात. म्हणजे आपल्या भाषेला हे सगळं आधीच ठाऊक होतं की काय? मी इतका खूश झालो की त्यावर एक अख्खा भाग करायचा ठरवला. नोट्स काढायला बसलो. दोन दिवसांत कळलं की माझी थिअरी चूक आहे. थोडी नाही, मुळापासून. पण ती चूक कशी तयार झाली, याची गोष्ट थिअरीपेक्षा भारी निघाली.

बेडकाचे पाय आणि नोबेल

कार्ल विल्हेल्म शील नावाचा स्वीडनमधला केमिस्ट. १७८० साली त्याने आंबलेल्या दुधातून एक आम्ल वेगळं काढलं. दुधातलं म्हणून लॅक्टिक. पुढे १८०७ मध्ये बर्झेलियस या दुसऱ्या स्वीडिश केमिस्टला तेच आम्ल प्राण्यांच्या स्नायूंमध्ये सापडलं. पुढची गोष्ट अशी सांगतात की शिकारीत जिवाच्या आकांताने पळालेल्या हरणांच्या मांसात ते जास्त असतं, असं त्याचं मत होतं. इथून संशयाची सुई फिरायला लागली: जो स्नायू जास्त राबला त्यात आम्ल जास्त.

मग १९०७. केंब्रिजमध्ये फ्लेचर आणि हॉपकिन्स या दोघांनी बेडकाच्या पायाचे स्नायू कापून घेतले, त्यांना विजेचे झटके देऊन थकवलं आणि आतलं लॅक्टिक ॲसिड नीट मोजलं. थकलेल्या स्नायूत ते साठलेलं होतं. तोच स्नायू ऑक्सिजनमध्ये ठेवला की ते कमी व्हायचं. यानंतर ब्रिटनचा ए. व्ही. हिल आणि जर्मनीचा ओटो मायरहोफ यांनी स्नायूतली उष्णता, ऑक्सिजन आणि लॅक्टिक ॲसिड यांचा हिशोब मांडला आणि १९२२ सालचं वैद्यकशास्त्राचं नोबेल त्या दोघांना मिळालं. नोबेलचा शिक्का बसला म्हटल्यावर विषय संपला. लॅक्टिक ॲसिड म्हणजे थकवा, हे पुस्तकांत पक्कं झालं.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. या सगळ्या लोकांनी जो प्रश्न विचारला होता तो होता "स्नायू काम करता करता थकतो का?" दोन दिवसांनी मांडी का ठणकते, हा प्रश्नच त्यांच्या टेबलवर नव्हता. बेडकाचा पाय कापून काचेत ठेवला होता हो, तो परवा कसा दुखणार? पण कोचपासून कोचकडे, लॉकर रूमपासून लॉकर रूमकडे जाता जाता एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्या प्रश्नाला चिकटलं. १९८२ मध्ये जेन फोंडाच्या व्यायामाच्या व्हिडिओ कॅसेटने अमेरिकेतल्या घराघरांत 'बर्न' म्हणजे जळजळ जाणवलीच पाहिजे, दुखल्याशिवाय फायदा नाही, हा मंत्र पोचवला. त्यानंतर तर व्यायाम करताना होणारी जळजळ आणि परवाचा ठणका यांत फरक करायला कुणी थांबलंच नाही. माझा ट्रेनर त्याच परंपरेतला.

आमच्या धंद्यात हे रोज होतं. सर्व्हर पडला तेव्हा लॉगमध्ये एक लाल ओळ दिसली, म्हणून सगळे त्या ओळीच्या मागे लागतात. दोन दिवसांनी कळतं की ती ओळ रोजच येते, आपण बघत नव्हतो एवढंच.

जो माणूस १९०२ मध्येच बरोबर होता

आणि मजा अशी की बेडकाचे पाय मोजायच्याही पाच वर्षं आधी एकाने परवाच्या दुखण्यावर सरळ बोट ठेवलं होतं.

त्यासाठी आधी इटलीत, तुरीनला जावं लागेल. तिथे अँजेलो मोस्सो नावाच्या शरीरशास्त्रज्ञाने एर्गोग्राफ नावाचं यंत्र बनवलं होतं. हात टेबलावर बांधायचा, मधल्या बोटाला दोरी, दोरीला वजन. बोट वाकवलं की वजन वर, आणि प्रत्येक उचल एका फिरत्या कागदावर रेघ ओढून नोंदवली जाते. बोट थकत गेलं की रेघा बुटक्या होत जातात. तुमच्या फिटनेस बँडचा पणजोबा म्हणा. मोस्सोने १८९१ मध्ये थकव्यावर अख्खं पुस्तक लिहिलं.

अमेरिकेत थिओडोर हफने हीच कल्पना उचलली, पण वजनाऐवजी कडक स्प्रिंग लावली आणि सवय नसलेल्या बोटांना राबवलं. त्याला दोन वेगवेगळी दुखणी दिसली. एक कामाच्या वेळचं, जे थोड्या विश्रांतीने जातं. दुसरं काही तासांनी उगवणारं, जे दिवस-दोन दिवस वाढतं. हे दुसरं दुखणं थकव्याच्या प्रमाणात येत नव्हतं. बोट थकून गळालं तरी कधी दुसऱ्या दिवशी काही नाही, आणि कधी थोडक्या पण जोराच्या खेचण्यांनी बोट धरायचं. १९०२ मध्ये त्याने लिहिलं की हा थकव्याचा प्रकारच नाही, स्नायूच्या आत कुठेतरी बारीक फाटाफूट होत असावी.

त्याच्याकडे ते फाटलेलं दाखवायला काही साधन नव्हतं. लॅक्टिक ॲसिडवाल्यांकडे मोजायला आकडा होता. आकडा जिंकला. हफचा निबंध पुढची कित्येक दशकं धूळ खात पडला, आणि मला खरं सांगायचं तर या अख्ख्या गोष्टीत सगळ्यात जास्त वाईट त्याच्याबद्दल वाटतं.

उतरणीचा हिशोब

आता सिंहगड आठवा. किंवा तुम्ही जो गड चढलात तो. चढताना जीव जातो, छाती भात्यासारखी चालते, घामाच्या धारा. उतरताना गप्पा मारत, सेल्फी काढत येता. आणि दुसऱ्या दिवशी मांड्या कशामुळे दुखतात? चढण्यामुळे, असंच आपण म्हणतो ना?

१९५२ मध्ये लंडनमध्ये ॲबट, बिगलँड आणि रिची या तिघांनी एक गमतीशीर यंत्र मांडलं. दोन सायकली पाठीला पाठ लावून, एकाच चेनने जोडलेल्या. एकाने पुढे पॅडल मारायचं, दुसऱ्याने ते पॅडल नुसतं रोखत मागे जायचं. दोघांच्या पायांवर जोर सारखाच. रॉयल सोसायटीत याचं प्रात्यक्षिक झालं तेव्हा रोखायला बसलेल्या लहानखुऱ्या बिगलँडबाईंनी पॅडल मारणाऱ्या दांडग्या पुरुषाला बघता बघता दमवून टाकलं, आणि त्या स्वतः निवांत. म्हणजे स्नायू ताण सोसत आखूड होतो तेव्हा ऑक्सिजन भरपूर लागतो. तोच स्नायू ताण सोसत लांब होतो, वजन हळूहळू खाली सोडतो, तेव्हा फारच कमी लागतो.

जिमच्या भाषेत हे एक्सेंट्रिक. आपण त्याला उतरणीचं काम म्हणू. स्क्वॉटमध्ये खाली बसणं, डंबेल खाली आणणं, गड उतरणं. स्वस्तातलं काम.

पण स्वस्ताची किंमत नंतर वसूल होते. १९५६ मध्ये डेन्मार्कच्या आस्मुसेनने दाखवलं की परवाचं दुखणं येतं ते मुख्यतः या उतरणीच्या कामाने. १९८३ मध्ये ब्रिटनमधल्या न्यूहॅम आणि सहकाऱ्यांनी लोकांना एका पायरीवर चढ-उतार करायला लावलं, नियम एकच: चढताना कायम एकच पाय, उतरताना कायम दुसरा. दुखला तो उतरणारा पाय. माणूस तोच, रक्त तेच, पाय मात्र एकच दुखला.

आणि त्याच वर्षी अमेरिकेत श्वेन आणि मंडळींनी लॅक्टिक ॲसिडचा निकाल लावला. लोकांना ट्रेडमिलवर ४५ मिनिटं पळवलं. एकदा सपाटीवर, एकदा १० टक्के उतारावर. सपाटीवर पळताना रक्तातलं लॅक्टिक ॲसिड वाढलं, पण नंतर काही दुखलं नाही. उतारावर ते फारसं वाढलंच नाही, पण पुढचे दोन-तीन दिवस पाय धरले. आरोपी एका गावात आणि गुन्हा दुसऱ्या गावात. शिवाय व्यायाम थांबवल्यावर साधारण तासाभरात ते पूर्वीच्या पातळीला येतं. हृदय आणि इतर स्नायू ते इंधन म्हणून वापरतात सुद्धा. परवा कमोडवर बसताना माझ्या मांडीत ते नव्हतंच.

सॉरी आई. अंग आंबतं, पण आंबट काही होत नाही.

सूज नावाची दुरुस्ती

मग होतं काय? स्वीडनमधल्या उमिओ इथल्या फ्रिडेन आणि सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये लोकांना जिने उतरायला लावले, पुन्हा पुन्हा, आणि मग त्यांच्या पोटरीतून सुईने स्नायूचा बारीक तुकडा काढून इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली बघितला. स्नायूचा धागा म्हणजे बारीक डब्यांची लांबच लांब गाडी समजा, आणि दोन डब्यांमधला जोड म्हणजे झेड रेषा. निरोगी स्नायूत या रेषा वहीच्या रेघांसारख्या सरळ दिसतात. इथे त्या वाकड्या-तिकड्या, पसरलेल्या, काही ठिकाणी विस्कटलेल्या. हफ म्हणाला होता तसंच, ऐंशी वर्षांनी.

म्हणून मग सगळ्यांनी लिहिलं: फाटतं, मग सूज येते, मग दुखतं. सूज हा शब्द वैद्यकात फार जुना आहे. पहिल्या शतकात रोमच्या सेल्ससने तिची चार लक्षणं सांगितली होती: लाली, फुगणं, उष्णता, वेदना. स्नायूत हे असं चालतं. पहिल्या काही तासांत पांढऱ्या पेशींची पहिली तुकडी येते, तुटकं-फुटकं साफ करायला. पुढच्या दिवस-दोन दिवसांत मॅक्रोफेज नावाच्या मोठ्या पेशी येतात. त्या राडारोडा खातातच, शिवाय दुरुस्तीची हाकही देतात. ती हाक ऐकून जाग्या होतात सॅटेलाइट पेशी, ज्या १९६१ मध्ये अलेक्झांडर मॉरोला बेडकाच्या स्नायूत, धाग्याला बाहेरून चिकटून झोपलेल्या सापडल्या. (बेडकांनी या विषयासाठी फार सोसलंय.)

आता इतक्या कामाच्या गोष्टीशी आपण काय केलं? ती दाबायला लागलो. १९७८ मध्ये डॉक्टर गेब मर्किन यांनी खेळाडूंसाठीच्या पुस्तकात 'राइस' हा फॉर्म्युला दिला: विश्रांती, बर्फ, पट्टी, पाय वर. तो इतका चालला की शाळेतल्या पीटीच्या सरांनाही पाठ आहे. गंमत म्हणजे बऱ्याच वर्षांनी मर्किन यांनीच लिहिलं की बर्फ आणि पूर्ण विश्रांतीने बरं होणं लांबू शकतं. स्वतःचा कोड स्वतः मागे घ्यायला हिंमत लागते, त्याबद्दल सलाम.

पेनकिलरचं प्रकरण जास्त गुंतागुंतीचं. २००२ मध्ये ट्रॅप आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की जोरदार उतरणीच्या व्यायामानंतर आयब्युप्रोफेन किंवा पॅरासिटामॉल पूर्ण डोसमध्ये घेतलं तर स्नायूत नवीन प्रथिनं बनण्याची जी वाढ व्हायला हवी, ती होत नाही. २०१८ मध्ये स्वीडनमध्ये तरुण मुला-मुलींचे दोन गट केले. आठ आठवडे सगळ्यांचा व्यायाम सारखा. एका गटाला रोज १२०० मिलिग्रॅम आयब्युप्रोफेन, दुसऱ्याला ७५ मिलिग्रॅम ॲस्पिरिन, म्हणजे नाममात्र. आयब्युप्रोफेनवाल्यांच्या मांडीचा स्नायू जवळपास निम्माच वाढला. पण थांबा, त्याच ट्रॅपने २०११ मध्ये वयस्कर लोकांवर बारा आठवड्यांचा प्रयोग केला, तर तिथे गोळी घेणाऱ्यांचे स्नायू उलट जास्त वाढले. म्हाताऱ्या शरीरात सूज आधीच थोडी जास्त असते, कदाचित म्हणून. त्यामुळे रील्सवर "पेनकिलर म्हणजे विष" असं ओरडणाऱ्यावर विश्वास ठेवू नका, आणि "काही होत नाही, घे" म्हणणाऱ्यावर तर अजिबात नाही.

बर्फाच्या टबात बसणाऱ्यांसाठीही एक बातमी. २०१५ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या रॉबर्ट्स आणि सहकाऱ्यांनी बारा आठवडे वजनं उचलून घेतली. एका गटाला प्रत्येक वेळी नंतर १० मिनिटं १० अंशांच्या पाण्यात बसवलं. त्यांचे स्नायू आणि ताकद दोन्ही कमी वाढलं. क्रिकेटरला उद्याची मॅच खेळायची असते, त्याचं गणित वेगळं. आपल्याला उद्या स्टँडअप मीटिंग असते.

आणि इथेही गोष्ट संपत नाही. २००० नंतर त्याच उमिओमधल्या यू आणि थॉर्नेल यांनी म्हटलं की झेड रेषांची ती विस्कटलेली चित्रं म्हणजे मोडतोड नसून बांधकाम चालू असल्याची खूण आहे. जुना जोड सोडवून नवीन डबे जोडण्याचं काम. तर जपानमध्ये मिझुमुरा आणि सहकाऱ्यांना २०१० मध्ये उंदरांत असं दिसलं की मायक्रोस्कोपखाली धडधडीत मोडतोड किंवा सूज नसतानाही स्नायू दुखरा होतो, कारण स्नायू स्वतःच नर्व्ह ग्रोथ फॅक्टर नावाचं रसायन बनवतो आणि वेदनेच्या नसा हळव्या होतात. म्हणून तर नुसतं बसलं की दुखत नाही, दाबलं किंवा हलवलं की दुखतं. दुखणं आणि मोडतोड यांचं प्रमाण जुळत नाही. हफला बोटात जे दिसलं होतं, तेच वेगळ्या रूपात पुन्हा.

मग मोजायचं काय?

ट्रेनर लोक दुखण्याला मीटर मानतात. जास्त दुखलं म्हणजे जास्त वाढणार. २०११ मध्ये अमेरिकेत फ्लॅन आणि मंडळींनी हे तपासलं. एका गटाला आधी तीन आठवडे हळूहळू सवय केली, दुसऱ्याला थेट कामाला जुंपलं. थेटवाल्यांना दुखलं, त्यांच्या रक्तात स्नायूच्या मोडतोडीच्या खुणाही दिसल्या. शेवटी स्नायू आणि ताकद दोघांची सारखीच वाढली. २०१६ मध्ये ब्राझीलच्या डमास यांच्या प्रयोगात तर असं दिसलं की पहिल्या आठवड्यात बनणारी प्रथिनं बहुतेक दुरुस्तीतच खर्च होतात. खरी वाढ दिसते ती मोडतोड कमी झाल्यावर. म्हणजे ज्या आठवड्यात मी सगळ्यात जास्त कण्हत होतो, त्या आठवड्यात मी सगळ्यात कमी वाढत होतो.

मीटर खरं तर १९४५ पासून तयार आहे. शिकागोतल्या लष्करी हॉस्पिटलमध्ये थॉमस डेलॉर्म नावाचा तरुण डॉक्टर होता. लहानपणी संधिवाताच्या तापाने अंथरुणाला खिळलेला, मग वजनं उचलून उभा राहिलेला. युद्धात गुडघे गेलेल्या जवानांना तेव्हा हलका, खूप वेळा करायचा व्यायाम देत. याने उलट केलं: जास्तीत जास्त दहा वेळा उचलता येईल असं वजन शोधा आणि तो तुमचा आकडा. पुढे १९४८ मध्ये त्याने आणि वॉटकिन्सने ते तीन सेटवर आणलं. पहिला त्या वजनाच्या निम्म्याने, दुसरा पाऊणपटीने, तिसरा पूर्ण. आकडा वाढला की वजन वाढवा. आज जगातल्या प्रत्येक जिममध्ये 'दहाचे तीन' म्हणतात ना, ते हे. त्यात 'किती दुखलं' हा रकानाच नाही.

रूममेट

तर तो रूममेट. तिसऱ्या दिवशी त्याने पेनकिलर घेतली, कारण ऑफिसला रिलीज होतं. चौथ्या दिवशी पुन्हा दोन. पाणी कमी, कॉफी जास्त. मांड्या फुगून कडक. ट्रेनरला मेसेज केला तर उत्तर आलं, "मस्त, लागलंय म्हणजे." चौथ्या दिवशी संध्याकाळी तो बाथरूममधून बाहेर आला आणि म्हणाला, "अरे, लघवी कोलासारखी होतेय."

मी तेव्हा यातलं काही वाचलेलं नव्हतं. पण त्याचा चेहरा बघून रिक्षा बोलावली.

१९४१. लंडनवर जर्मन बॉम्ब पडत होते. ढिगाऱ्याखालून तासन् तासांनी काढलेले लोक सुरुवातीला बरे वाटायचे, आणि काही दिवसांत त्यांच्या किडन्या बंद पडायच्या. बायवॉटर्स आणि बील या दोघांनी त्यावर ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लिहिलं. पुढे उलगडा झाला: चिरडलेल्या स्नायूंतून मायोग्लोबिन नावाचं लाल प्रथिन रक्तात उतरतं आणि किडनीच्या बारीक नळ्या तुंबवतं. लघवीचा रंग त्याचाच. याला रॅब्डोमायोलिसिस म्हणतात. त्यासाठी डोक्यावर इमारतच पडावी लागते असं नाही. जानेवारी २०११ मध्ये अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठाचे तेरा फुटबॉलपटू एकदम हॉस्पिटलात गेले. सुट्टीवरून परतल्यावर त्यांच्याकडून घड्याळ लावून १०० स्क्वॉट मारून घेतले होते, तेही स्वतःच्या कमाल वजनाच्या निम्म्या वजनाने. सगळे बरे झाले. हे व्यावसायिक तयारीचे, धट्टेकट्टे खेळाडू होते. आम्ही दोघं कॉफी मशीनपर्यंत चालणारे.

त्याच्या रिपोर्टमध्ये सीपीकेचा आकडा पाच अंकी होता. नॉर्मल शे-दोनशेच्या आसपास असतं. डॉक्टर बाई पहिलं काय विचारल्या असतील, तर "गोळ्या कुठल्या घेतल्या?" आधीच गाळ उपसणाऱ्या किडनीचा रक्तपुरवठा त्या पेनकिलरने आणखी कमी होतो, हे त्यांनी त्याला तिथेच सुनावलं. चार दिवस सलाईन. वाचला, किडनीही वाचली. पण त्या चार रात्री मी खुर्चीवर बसून मोबाइलवर हे सगळं वाचलं, आणि आंबलेल्या दह्याचा माझा लाडका एपिसोड तिथेच संपला.

पंचवीस बैठका

हे सगळं मामाला सांगितलं. मामा सांगलीकडचा, तरुणपणी तालमीत जायचा. त्याला आश्चर्य एकाच गोष्टीचं वाटलं. "पहिल्याच दिवशी? वस्ताद असता तर त्याने तुमच्या त्या ट्रेनरला मातीत घातला असता." त्यांच्याकडे नवीन पोराला पहिल्या दिवशी पंचवीस बैठका आणि दहा-बारा जोर, बस. पोरगं अजून मारतो म्हणालं तरी नाही. रोज दोन-चार वाढवायच्या. वर्षभरात पोरगं पाचशेवर जातं आणि मेहनत झाल्यावर चालत घरी येतं.

शास्त्रज्ञ याला 'रिपीटेड बाउट इफेक्ट' म्हणतात. उतरणीचं काम एकदा थोडं करून ठेवलं की पुढच्या वेळी तेच काम फार कमी दुखवतं, आणि हे संरक्षण कित्येक आठवडे, काही प्रयोगांत महिनोन्महिने टिकलेलं दिसलंय. अमेरिकेत प्रिसिला क्लार्कसन आणि जपानी संशोधक नोसाका यांनी यावर वर्षानुवर्षं काम केलं. असं का होतं यावर अजून वाद आहेत: नसा शिकतात, धागे जास्त डबे जोडतात, की सूज आणणाऱ्या पेशी दुसऱ्यांदा शहाण्या होतात. बहुधा थोडं थोडं सगळंच.

मला मात्र तालमीचं गोडवे गाणं नकोय. मामाच्या तालमीतही गुडघे गेलेले लोक होते, आणि दुखत असताना लढ म्हणणारेही होते. पण त्या पंचवीस बैठकांच्या मागे कुणीतरी कधीतरी कोणाला तरी पाचशे मारायला लावून बघितलं असणार, एवढं नक्की.

रूममेट तीन महिन्यांनी, डॉक्टरांची परवानगी घेऊन, दुसऱ्या जिममध्ये गेला. वही घेऊन. पहिल्या दिवशी बारा स्क्वॉट, वजनाशिवाय. दोन दिवसांनी त्याचा मला मेसेज आला: "काहीच दुखत नाहीये. बरोबर चाललंय ना?" मी त्याला विचारलं, आज किती मारले. म्हणाला, चौदा.